भिंतीपलीकडची स्तोत्रं

११ मार्च, सोमवार

जानेवारीत विमा एजंटाने दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. आज हाताला काम लागलं म्हणून उघडली. कामाखेरीज लिहिण्यासारखं या घरात काही उरलेलं नाही.

दुपारी शेजारचा शिशिर आला. हाउसिंग बोर्डाच्या या क्वार्टरांत त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्याची आई विजयाताई, मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, माहेर अमरावतीकडचं, मराठी ख्रिस्ती. साखरेने डोळे गेले, आता किडन्याही गेल्या. मशीनवर जायला त्यांनी साफ नाही म्हटलं आहे. डोळे गेल्यावर माझी बायको पद्मिनी रोज दुपारी तिकडे जाऊन त्यांना बायबलातली स्तोत्रं वाचून दाखवायची. आषाढात सुरू केली आणि डिसेंबरात दीडशेच्या दीडशे संपवली. विजयाताईंनी सगळी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली. नाताळच्या आठवड्यात पद्मिनी गेली.

शिशिर भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. इकडे छत्तीसगढातच वाढलेला, मराठी समजतं, उत्तर हिंदीत देतो. त्याने आईचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि छोटा स्पीकर आणला. पण तो स्पीकर पहिल्या स्तोत्रानंतर थेट दहावं लावतो, मग शंभरावं, मग एकशेएकावं. म्हणाला, “अंकल, आप तो कॉलेज में लाइब्रेरियन थे. ज़रा क्रम से लगा दीजिए.”

मी पेनड्राइव्ह ठेवून घेतला. फायलींना नावं म्हणून नुसते आकडे आहेत. एकही उघडली नाही, गरजच नव्हती. पुस्तक न वाचता त्याच्या पाठीवर नंबर चिकटवणं हीच तर आमची विद्या.

१४ मार्च, गुरुवार

क्रमाने लावा म्हणजे कोणत्या क्रमाने, हे विचारायचं लोकांना सुचत नाही. जुन्या कॉलेजातून ओळखीने दोन पुस्तकं आणली आणि तीन दिवस त्यात डोकं घातलं. किती दिवसांनी जेवायची वेळ चुकली!

या दीडशे स्तोत्रांचा मूळ क्रम म्हणजे शुद्ध गोंधळ आहे. पाच भाग पाडलेत, पहिल्या चारांच्या शेवटी देवाची स्तुती आणि आमेन. का पाच, याचं उत्तर कोणी छातीठोकपणे देत नाही. चौदावं आणि त्रेपन्नावं जवळजवळ एकच. बहात्तराव्याच्या शेवटी लिहिलंय की दाविदाच्या प्रार्थना संपल्या, आणि पुढे चार पानं उलटली की दावीद पुन्हा हजर. आसाफ नावाच्या गवयाची स्तोत्रं एका ठिकाणी सलग लावली, पण त्यातलं एक मात्र कितीतरी आधीच एकटं पडलेलं. काहींच्या डोक्यावर चालीचं नाव आहे आणि ती चाल आता जगात कोणालाच येत नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने असं शेल्फ लावलं असतं तर मी त्याला वर्तमानपत्रांच्या घड्या घालायला बसवलं असतं.

सुदैवाने शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन पंडिताने डोकं चालवून त्यांचे प्रकार पाडले. मी ते धरून फोल्डर केले: एकट्या माणसाचे विलाप, लोकांचे विलाप, पश्चात्ताप, विश्वास, उपकार मानणे, राजा, बोध, यात्रेला चढताना म्हणायची, आणि शेवटी निखळ स्तुती. प्रत्येक फोल्डरात स्तोत्रं चढत्या आकड्यांनी लावून पुढे माझे अनुक्रमांक घातले. सगळ्यात जाड फोल्डर रडगाण्यांचा निघाला. सहावं विलापातही बसतं आणि पश्चात्तापातही. एकशे तिसावं तर यात्रेतलं, पण सूर पश्चात्तापाचा. मी अर्धी दुपार त्यावर घालवली. एक पुस्तक एकाच शेल्फावर, हा नियम मी आयुष्यभर पाळला. आता काय मोडायचा. दोन्ही पश्चात्तापात टाकली.

पद्मिनी असती तर म्हणाली असती, तुम्हाला स्वर्गात घेतलं तर आधी तिथले देव उंचीप्रमाणे उभे कराल.

१९ मार्च, मंगळवार

पेनड्राइव्ह देऊन आलो. विजयाताई खाटेवर पडून होत्या, चेहरा सुजलेला. मी त्यांना सगळी वर्गवारी समजावून सांगितली. दुःख असेल तेव्हा हा फोल्डर, मन स्थिर असेल तेव्हा तो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि “मेहनत केली, भाऊ,” एवढंच म्हणाल्या.

मग त्यांच्याकडे दिवसभर असणाऱ्या कलावतीला स्पीकर भिंतीतल्या फळीवर ठेवायला सांगितलं. आमच्या बाजूच्या भिंतीत. उशाशी स्टूल रिकामं होतं, आणि त्यांचे कान काही गेलेले नाहीत. एवढी वर्षं नर्स होत्या, शेजाऱ्याला त्रास होईल हे सुचायला हवं होतं. 

२१ मार्च, गुरुवार

सकाळी मी तांदूळ धूत होतो. मागच्या खोलीतून पद्मिनी काहीतरी म्हणाली. मी “आलो” म्हणालो आणि हात पुसत गेलो.

खोलीत पोचल्यावर कळलं.

शब्द लागत नव्हते, नुसता आवाज येत होता. ओळ संपताना ती शेवटचं अक्षर जरा गिळायची, तसंच. ठणठणीत आवाज. मंडळाच्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो. नंतर पुस्तकात बघितलं, तिसरं स्तोत्र असावं: माझ्यावर उठणारे किती वाढलेत, असं आहे ते. मी भिंतीपाशी उभा होतो. तांदूळ तसेच राहिले.

माझी खुर्ची मागच्या खोलीत आणून ठेवली. पुढची खोली आता तापायला लागली आहे. इकडे गार वाटतं.

२९ मार्च, शुक्रवार

आज त्यांचा गुड फ्रायडे. विजयाताईंना चर्चला नेणं शक्य नव्हतं. त्यांनी बाविसावं लावायला सांगितलं, देवा मला का टाकलंस, ते. मग बहुधा डोळा लागला असावा, कारण कलावतीने स्पीकर बंद केला नाही आणि विलाप एकामागून एक सुरू राहिले.

आमचा कूलर बंद होता म्हणून स्पष्ट ऐकू आलं. एकोणसत्तराव्यात, पाणी गळ्याशी आलं, अशी ओळ आहे. ती अर्ध्यावर थांबली. मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलं. मग पुढचे शब्द आले. पुढच्या ओळीलाही तसंच. मोबाइलचा माइक खराब असावा. शिशिरला विचारीन.

अठ्ठ्याऐंशीवं मी पुस्तक हातात धरून ऐकलं. पंडितांचं म्हणणं आहे की हे सगळ्यात काळं. बाकीचे विलाप कितीही रडले तरी शेवटाला कुठेतरी वळतात, तू ऐकशील, मी गाईन, असं काहीतरी म्हणतात. हे वळत नाही. अंधारावरच संपतं. पद्मिनीने तो शब्द वाचला आणि नंतर बराच वेळ श्वास ऐकू येत होता. तेवढा वेळ मीही तो मोजल्यासारखा घेत होतो.

माइकचा दोष नाही तो.

२ एप्रिल, मंगळवार

एकट्या माणसाच्या विलापांचा फोल्डर आज संपला. शेवटची एकशेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. त्यात तिचा आवाज ओळखू येऊ नये असा. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. मी उठून पुढच्या खोलीत गेलो, तापलेल्या.

परत आलो तेव्हा दुसरा फोल्डर सुरू झाला होता. लोकांचे विलाप, त्यातलं पहिलं बारावं. आणि ती बरी होती! तोच आषाढातला खणखणीत आवाज. माझ्या छातीवरचं ओझं खरोखर उतरलं. वेड्यासारखं आहे, पण इथे खरं लिहायचं ठरवलं आहे.

संध्याकाळी बाजारातून येताना तिच्या आवडीची करमत्ता, ही इकडची पालेभाजी, घेऊन आलो. दोघांपुरती निवडली. मग अर्धी कलावतीला दिली.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. वर्ष सरलं नाही म्हणून गुढी नाही. विजयाताईंनी बोलावलं म्हणून गेलो.

त्यांचा आवाज बारीक झाला आहे. म्हणाल्या, “भाऊ, हे पुस्तक असं नाही.”

मी माझी बाजू मांडली. मूळ क्रमाला क्रम म्हणता येत नाही, चौदा आणि त्रेपन्न, बहात्तरावं, आसाफ, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. नर्सेसना रुग्णाचं बोलणं संपू द्यायची सवय असते.

“क्रम कोनं लावला ते मले नाही ठाऊक,” त्या म्हणाल्या. “पन रडनं झालं का त्यात काही दुसरं येते. मंग अजून रडनं येते. मंग अजून काही येते. मानूस असाच राह्यते ना? तुमी तं सगळं रडनं एकाच टोपल्यात भरून ठेवलं.” मग म्हणाल्या, “मले पह्यल्यापासून शेवटपर्यंत लावून द्या. एकदा. पद्मिनीनं वाचलं तसं. माह्याकडे लई दिवस नाहीत.”

मी हो म्हटलं. अवघड काही नाही, आकड्यांप्रमाणे लावलं की झालं. ती ज्या क्रमाने वाचत गेली तोच आकड्यांचा क्रम.

१६ एप्रिल, मंगळवार

केलं नाही.

कलावती दारात येऊन विचारून गेली, दाई पुसत हे, होगे का, म्हणजे आई विचारताहेत, झालं का म्हणून. मी सांगितलं, कॉम्प्युटर बिघडलाय. ती “हव”, म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही. त्यावर मी आत्ताच वीजबिल बघितलं.

लोकांचे विलाप संपले. सगळ्यात शेवटी एकशे सदतिसावं, परक्या देशात नदीकाठी बसून रडणाऱ्यांचं. तिथे ती पुन्हा दमली. लगेच पश्चात्ताप सुरू झाला, सहावं, आणि पुन्हा बरी.

गल्लीतून प्रचाराच्या गाड्या फिरतात. त्या आल्या की भिंतीतलं काही ऐकू येत नाही. आज एका गाडीला मी हातानेच पुढे जायची खूण केली. ड्रायव्हरला वाटलं मी पाठिंबा देतोय, त्याने हात जोडले.

२० एप्रिल, शनिवार

अडतिसावं ऐकलं. माझी शक्ती मला सोडून गेली, डोळ्यांतला उजेडही गेला, असं काहीसं त्यात आहे. तिथे एक छोटी थांबण्याची जागा आहे. फार छोटी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. मी आता पहिल्यांदा ऐकणारा राहिलो नाही.

अडतिसावं तिने श्रावणात वाचलं असणार. श्रावणात ती तिकडून आली की दाराची कडी काढायच्या आधी पायरीवर बसायची. मी आतून म्हणायचो, चहा झालाय, निवतोय. ती म्हणायची, बसू द्या हो जरा, काय ऊन आहे. श्रावणातलं ऊन. मी चहावर बशी झाकून ठेवायचो आणि पेपर वाचायचो. डॉक्टरांनी आम्हाला फुप्फुसांचं सांगितलं ते दिवाळीनंतर. पुस्तकाच्या पहिल्या भागातच ते सुरू झालेलं आहे, आणि मी एका भिंतीच्या अलीकडे होतो.

विजयाताईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्यांना श्वास ऐकू येत असणार. त्या नर्स होत्या.

आता लिहूनच टाकतो. माझ्या फोल्डरांत ती प्रत्येक वेळी बरी होऊन येते. वर्ग सुरू झाला की आषाढ असतो. शेवटी शेवटी दमते, पण मला माहीत असतं की पुढचा वर्ग येतोय. हे विश्वासाचे, उपकारांचे, राजाचे फोल्डर अजून बाकी आहेत, म्हणजे ती अजून कितीदा तरी बरी होणार आहे. आणि विजयाताई म्हणतात तसं लावलं, तर ती एकदाच बरी असेल. मग एकदाच आजारी पडेल आणि तशीच संपेल. मी हे दुसऱ्यांदा करू शकत नाही. एका मरायला टेकलेल्या बाईला मी रोज खोटं सांगतोय, हे मला कळतं.

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी ऑफिसला निघालेला शिशिर हेल्मेट हातात घेऊन दारात उभा राहिला. डोळे लाल. “अंकल, अम्मा ने खाना छोड़ दिया है. रोज़ एक ही बात पूछती हैं, भाऊंचं झालं का.” तेवढंच मराठी वाक्य त्याने आईच्या सुरात म्हटलं. मग म्हणाला, आपका सिस्टम ख़राब है तो मैं शंकर नगर की दुकान में करवा लूँ.

त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी त्याला पेनड्राइव्ह आणायला आणि दहा मिनिटं बसायला सांगितलं. सगळे फोल्डर मोडले, माझे अनुक्रमांक काढले, आकड्यांच्या आधी शून्यं लावली. एक, दोन, तीन ओळीने उभे राहिले. त्याचा चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्यासाठी मी विजयाताईंना, पद्मिनीला आणि स्वतःला इतके दिवस टांगून ठेवलं होतं.

२६ एप्रिल, शुक्रवार

कालपासून पहिल्यापासून सुरू आहे. एक स्तोत्र झालं की कलावती थांबवते. विजयाताई पडून राहतात, मग बोट हलवतात, मग पुढचं.

ऐकायला मी आता तिकडेच जातो. भिंतीला कान लावायची लाज वाटायला लागली. तिकडे शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि स्तोत्र संपल्यावर मोबाइल बंद व्हायच्या आधीचंही. एका ठिकाणी पद्मिनी म्हणते, आज भरली वांगी आहेत, डबा पाठवते, मीठ कमी घातलंय तुमच्यासाठी. एका ठिकाणी, हा दावीद फार तक्रारी करतो हो, आमच्या ह्यांच्यासारखा. यावर रेकॉर्डिंगमधल्या विजयाताई हसतात. खाटेवरच्या विजयाताईही हसल्या. मलाही हसू आलं आणि मग ते आवरेना.

४ मे, शनिवार

नव्वदीच्या पुढे गेलो. मी पुस्तक उघडून बसतो, सवय. एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती वर्गवारी करताना कधीच आली नसती. पहिल्या भागांत विलापांची दाटी आहे. पुढे ते विरळ होत जातात आणि स्तुती वाढत जाते. एकदम नाही. मध्येच पुन्हा कोणी कण्हतं. पण एकंदर कल तसा आहे. ज्याने कोणी हे लावलं त्याने काहीतरी विचार केला होता. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला वर्तमानपत्रांवर बसवला असता, असं मी लिहून ठेवलं आहे. ते खोडत नाही.

आणि पद्मिनीचं बरोबर उलटं. तिच्यात दम होता तेव्हा तिच्या वाट्याला रडणं आलं, ते तिने ठणठणीत वाचलं. आता पुस्तक गायला लागलं आहे आणि तिला ओळ पुरत नाही. शंभराव्यात आनंदाने गजर करा असं आहे. तो गजर तिने तीन तुकड्यांत केला.

मी मधे उठून बाहेर गेलो नाही. एवढं आज जमलं.

७ मे, मंगळवार

मतदान करून आलो. बोटाची शाई विजयाताईंना दाखवायला गेलो आणि मग लक्षात आलं.

एकशे एकोणिसावं चालू होतं, सगळ्यात लांब. मी त्यांना सांगितलं की हे मूळ भाषेत वर्णाक्रमाने रचलं आहे, एकेका अक्षराची आठ-आठ वचनं. म्हणजे देवाच्या पुस्तकात एक तरी ग्रंथपाल होता. त्या हसल्या, ओठ कोरडे होते, कलावतीने कापूस ओला करून लावला.

मग त्यांनी माझा हात शोधला. “शेवटचं तुमी ऐका, भाऊ.”

मी म्हणालो, आपण दोघं मिळून ऐकू, आता किती राहिलंय.

“म्या ऐकलं हाये. ती वाचे तवा मी तिथंच होती ना.”

त्यांना हे सगळं ऐकायची गरज होती की नव्हती, हे विचारायचं राहून गेलं. स्पीकर अजून भिंतीच्या फळीवरच आहे.

१० मे, शुक्रवार

अक्ती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. गल्लीत पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावत होत्या, पिवळ्या कागदांची माळ बांधून.

विजयाताई सकाळी गेल्या. यात्रेची स्तोत्रं चालू होती, एकेक पायरी चढल्यासारखी लहान लहान. एकशे एकतिसावं संपलं, तान्ह्या मुलाने आईपाशी शांत पडून राहावं तसा माझा जीव आहे, हे. कलावती बोट हलायची वाट बघत राहिली. मग तिने मला भिंतीवर थाप मारून बोलावलं.

मी जे दिवस दाबून ठेवले, ते त्यांना मिळाले असते तर पुस्तक पुरं झालं असतं. त्यांनी एकदाच मागितलं होतं. शिशिरला हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोंड नाही.

१२ मे, रविवार

काल दफन झालं. त्यांची माणसं गात होती. मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत, ज्याला जे येईल ते. मी कडेला उभा होतो.

आज शिशिर स्पीकर घेऊन आला. म्हणाला, अम्मा ने कहा था, ये अंकल के यहाँ जाएगा. मी टेबलावर ठेवला. एकशे एकतीसवर थांबलेला आहे. भिंतीपलीकडे आता काही नाही. मागच्या खोलीत बसायचं कारण उरलं नाही, तरी तिथेच बसलो.

१५ मे, बुधवार

सकाळी लावला. एकशे बत्तीस. एकेक ऐकलं, विजयाताईंसारखं, मध्ये थांबून. एकशे पस्तीस, छत्तीस. छत्तिसाव्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, त्याची दया सर्वकाळ आहे. ती ओळ पुढे पुढे विजयाताईच म्हणताहेत, हिला तेवढीच उसंत मिळावी म्हणून. एकशे बेचाळीस पूर्वी भिंतीतून ऐकून मी पळालो होतो. आज बसून राहिलो. त्यानंतर कोणता वर्ग सुरू होत नाही. त्यानंतर एकशे त्रेचाळीस येतं आणि ती तशीच असते.

शेवटची पाच नुसती स्तुती आहेत. यातलं एकही मी आजवर ऐकलं नव्हतं. माझ्या वर्गवारीत ती सगळ्यात शेवटच्या फोल्डरात होती आणि तिथवर कोणी पोचलंच नाही.

एकशे पन्नासाव्यात वाद्यांची नावं येतात. कर्णा. श्वास. वीणा. श्वास. डफ. मग झांजा, आणि तिथे खोकला. विजयाताईंचा आवाज आला, “घाई नको करू. नाकानं घे. सोड हळूहळू.” मग शेवटची ओळ, ज्याच्या ज्याच्यात श्वास आहे त्याने स्तुती करावी, अशी. ती तिने एका श्वासात वाचली. कुठून आणला तो श्वास, मला माहीत नाही. मी समोर असतो तर वाचू नको म्हटलं असतं. चहा निवतोय म्हटलं असतं.

मग काहीच नाही. मला वाटलं संपलं.

“बंद नका करू हो, विजयाताई,” पद्मिनी म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज आला, पुष्कळ पानं एकदम. “आमच्यात पोथी अशी संपवून ठेवत नाहीत. शेवटची ओळ झाली की पहिली वाचायची, मगच झाकायची.”

“वाच,” विजयाताई म्हणाल्या.

तिने पहिलं स्तोत्र सुरू केलं. धन्य तो माणूस, इथून. मी श्वास रोखून वाट बघत होतो, आषाढातल्या आवाजाची, तो इतक्या वेळा आला होता. तो आला नाही. त्याच दमलेल्या आवाजात, दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास, असं तिने वाचलं. दोन ओळी झाल्या आणि पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

फायली संपल्या की हा स्पीकर आपोआप पुन्हा पहिल्या फायलीवर जातो. तिथे ती बरी आहे. मी त्याच्या आधी बटण दाबलं.